गोळा आहे, पण कशाचा?

ओटीपोटात गोळा लागतोय म्हणून येणारी बाई सहसा एकटी येत नाही. सोबत सासू असते, नवरा असतो, कधी भाऊ असतो, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले सोनोग्राफीचे कागद असतात. कित्येकींच्या बाबतीत निर्णयही घरून झालेला असतो. "पिशवी काढायची म्हणलेत, तारीख द्या मॅडम," असं नवरा खुर्चीत बसता बसताच सांगतो. बाई खाली बघत असते. तो गोळा कशाचा आहे, हे मात्र आलेल्यांपैकी कोणालाच सांगता येत नाही, आणि पुष्कळदा त्या कागदांवरही ते स्पष्ट लिहिलेलं नसतं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शिक्षण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात झालं, पुढे बरीच वर्षं नांदेडला आणि त्यानंतर लातूरला काम केलं. नांदेडला किनवट-माहूरच्या तांड्यांवरून, देगलूर-बिलोलीकडून, थेट निर्मल-आदिलाबादेहून बायका यायच्या. "कडुपु नोप्पि", म्हणजे पोटदुखी, एवढं तेलुगू त्यांच्यामुळे कानावर बसलं. लातूरला उदगीर-देवणीच्या पलीकडून, बीदर-औरादहून येणाऱ्या तेच कन्नडात "होट्टे नोवु" म्हणतात. हात मात्र सगळ्या जणी एकाच जागी ठेवतात, बेंबीच्या चार बोटं खाली. त्या जागेने मला जे शिकवलं ते थोडक्यात सांगायचं तर असं: गोळा सापडणं आणि गोळा काढणं यांच्यामध्ये "कशाचा?" हा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो सोडून पुढे जाण्याची घाई फार आहे. त्या घाईत कुणाचा कॅन्सर हातचा जातो, तर कुणाचं निरोगी गर्भाशय.

ओटीपोट ही दाटीची जागा आहे. पुढे मूत्राशय, मागे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, मधे गर्भाशय, दोन्ही बाजूंना अंडाशय आणि गर्भनळ्या. उजव्या अंगाला अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याची सुरुवात. या सगळ्यावर लहान आतड्याची वेटोळी. यातलं काहीही सुजलं, फुगलं, वाढलं किंवा पिळलं, तर हाताला लागतो तो गोळाच. त्यामुळे निदान म्हणजे एक-एक शक्यता क्रमाने तपासणं आणि खोडत जाणं. तो क्रम कुणीही मोडायचा नसतो.

क्रमातली पहिली सूचना अगदी साधी आहे: "आधी लघवीला जाऊन या." मूत्राशय भरलेलं असलं की ते बेंबीपर्यंत येतं, हाताला घट्ट गोल लागतं आणि भल्याभल्यांना गाठ वाटतं. नांदेडला असताना लोहा भागातली एक तरुण बाई रात्री आली. पोट तडकल्यासारखं दुखत होतं आणि बेंबीपर्यंत गोळा होता. गावातल्या दवाखान्यातून अंडाशयाची मोठी गाठ म्हणून चिठ्ठी आली होती. तिला विचारलं, लघवी कधी झाली? ती म्हणाली, "थेंब थेंब हुतीय, पर साफ न्हाई. कालपसून लईच दुखायलंय." पाळी कधी आली होती? साडेतीन महिने झाले होते. सिस्टरांनी नळी घातली. पिशवीत लघवी उतरत गेली, सव्वा लिटर झाली, तरी येतच होती. आम्ही पोटावर हात ठेवून उभ्या होतो आणि तो गोळा हाताखालून ओसरत गेला. मग आतून तपासलं. गर्भाशय मागे कललेलं होतं, त्यात साडेतीन महिन्यांचा गर्भ होता, आणि वाढताना ते माकडहाडाच्या पुढच्या खोलगट जागेत अडकून बसलं होतं. त्यामुळे गर्भाशयाचं तोंड पुढे ढकललं जाऊन मूत्रमार्ग दाबला गेला होता. नळी काही दिवस ठेवली, तिला दिवसातून काही वेळा गुडघे आणि छाती टेकवून ओणवं व्हायला सांगितलं. गर्भाशय वर सरकलं, लघवी मोकळी झाली. त्या रात्री चिठ्ठीवर विश्वास ठेवून पोट उघडलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार मी आजही ज्युनिअर डॉक्टरांना करायला लावते.

दुसरी शक्यता गर्भाची. वयात आल्यापासून पाळी कायमची जाईपर्यंत कुठल्याही बाईच्या ओटीपोटातला गोळा हा आधी गर्भ समजायचा, आणि नाही हे सिद्ध झाल्यावरच पुढे जायचं. हे ऐकायला सोपं आहे, विचारायला अवघड. चाळिशी उलटलेल्या, लेकीचं लग्न झालेल्या बाईला "दिवस तर गेले नाहीत ना?" असं सासूसमोर विचारता येत नाही. पाळी थांबली म्हणजे वय झालं, असं तिनेही धरलेलं असतं. काही जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं, म्हणून शक्यताच नाही असं घरचे ठासून सांगतात. पण नळ्या बांधल्यानंतरही थोड्या जणींना गर्भ राहतो, आणि अशा वेळी तो गर्भाशयाऐवजी नळीतच असण्याची भीती जास्त असते. नळी फुटली तर तासाभरात जीव जाऊ शकतो. लघवीवर करायची पट्टीची तपासणी पन्नास-शंभर रुपयांत होते. ती केल्याशिवाय कुठल्याही औषधाची चिठ्ठी लिहायची नाही, हा माझा नियम आहे.

उलटी गोष्टही घडते, आणि तिच्यावरच शस्त्रक्रियेच्या इतिहासातलं एक मोठं पान उभं आहे. १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाईचं पोट वाढत चाललं होतं. स्थानिक डॉक्टरांना वाटलं, जुळं आहे आणि दिवस भरून गेलेत. त्यांनी ईफ्रेम मॅकडॉवेल यांना बोलावलं. त्यांनी आतून तपासलं आणि गर्भाशय रिकामं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे वाढ अंडाशयाची होती. त्या काळी पोट उघडणं म्हणजे मरण समजत. मॅकडॉवेल यांनी तिला ते जसंच्या तसं सांगितलं. ती सुमारे साठ मैल घोड्यावर बसून डॅनव्हिलला त्यांच्या घरी आली. तेव्हा भूल नव्हती. नाताळच्या दिवशी, पंचवीस मिनिटांत, दहा किलोच्या आसपास वजनाची गाठ निघाली. ती बाई पुढे तीस वर्षांहून जास्त जगली. पोट उघडण्याचं धाडस सगळे सांगतात. मला त्याआधीची तपासणी मोठी वाटते. हातात एकही यंत्र नसताना त्या माणसाने "कशाचा?" याचं बरोबर उत्तर काढलं होतं, आणि ते उत्तर काढल्यावरच सुरी उचलली होती.

हाताने तपासण्याची एक रीत आहे. बाईला गुडघे मोडून झोपवायचं, म्हणजे पोट सैल पडतं. तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचे. गार हात लागला की पोट ताठ होतं आणि आतलं काहीच कळत नाही. दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करायची, बोलत बोलत जवळ यायचं. गोळ्याची वरची कड सापडली की खालची कड शोधायची. तिच्याखाली बोटं जात नसतील, तर गोळा कटीच्या हाडांच्या आतून वर आलेला आहे, म्हणजे गर्भाशय, अंडाशय नाहीतर मूत्राशय. बोटं खाली जात असतील तर आतड्याचा आणि त्याच्या आवरणाचा विचार करायचा. मग एक बोट पोटावर ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. अंडाशयाची मोठी गाठ असेल तर मधोमध आवाज बद्द येतो आणि दोन्ही कुशींत पोकळ, कारण गाठीने आतडी बाजूला सारलेली असतात. पोटात पाणी झालं असेल तर नेमकं उलट: कुशी बद्द आणि बेंबीजवळ पोकळ, कारण आतडी पाण्यावर तरंगून वर आलेली असतात. शेवटी, लग्न झालेल्या बाईची आतून तपासणी. एक हात पोटावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं आत. वरून गोळा हलवल्यावर गर्भाशयाचं तोंडही हललं, तर गोळा बहुधा गर्भाशयाचाच. तोंड जागेवर राहिलं तर अंडाशयाकडे बघायचं. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. सोनोग्राफीत काय शोधायचं, हे त्या दहा मिनिटांत ठरतं.

सोनोग्राफीचा जन्मच मुळी या प्रश्नातून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ च्या जुलैमध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, आणि अंडाशयाच्या गाठी दोन मोटारींत भरून रेनफ्रूच्या एका बॉयलर कारखान्यात नेल्या. तिथे धातूतले दोष शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांच्यातून परत येणारा प्रतिध्वनी वेगवेगळा दिसला. पुढे टॉम ब्राऊन या तरुण इंजिनिअरच्या आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्या साथीने त्यांनी माणसांवर वापरता येईल असं यंत्र तयार केलं. एका बाईला जठराचा कॅन्सर पसरलाय, पोटात पाणी झालंय, आता उपाय नाही, असं सांगितलेलं होतं. यंत्राने दाखवलं की ते पोटभर पसरलेलं पाणी नव्हतं, अंडाशयाची एक प्रचंड मोठी पाण्याची गाठ होती. ती काढली आणि बाई बरी झाली. या तिघांचा निबंध जून १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि त्याचा विषय पोटातले गोळे हाच होता. भरलेल्या मूत्राशयातून आतलं जास्त स्वच्छ दिसतं हेही नंतर डोनाल्ड यांच्याच लक्षात आलं. म्हणून सोनोग्राफीवाले पाणी प्यायला लावतात आणि आम्ही हाताने तपासताना लघवीला पाठवतो. बायका यावरून वैतागतात. कारण सांगितलं की मुकाट्याने दोन्ही करतात.

पण यंत्र चित्र दाखवतं, त्याचा अर्थ माणसाला लावावा लागतो. पाळी येत असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला एक पाण्याचा फुगा तयार होतो आणि फुटतो. कधी तो फुटायचा राहतो, चार-साडेचार सेंटिमीटरचा होतो. रिपोर्टवर 'सिस्ट' हा शब्द येतो आणि घराची झोप उडते. असा साधा, पातळ भिंतीचा, नुसत्या पाण्याचा फुगा बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जातो. तिथे वाट बघणं हाच उपचार असतो. मात्र आत भरीव भाग असेल, पडदे असतील, दोन्ही बाजूंना असेल, पोटात पाणी असेल, किंवा बाईची पाळी जाऊन वर्षं झाली असतील, तर वाट बघणं हाच धोका. आणि कधी गोळा अंडाशयाचा नसतोच. जन्मतः काहींचं एक मूत्रपिंड वर न चढता कटीतच राहिलेलं असतं. सोनोग्राफी करताना दोन्ही मूत्रपिंडं आपापल्या जागी आहेत का, हे पाहण्याची सक्ती म्हणूनच हवी. असं मूत्रपिंड गाठ समजून काढणं म्हणजे बाईला आयुष्यभराचं अपंगत्व देणं.

लातूरमध्ये मुलींची एक वेगळी रांग असते. दहावी-बारावीच्या आणि नीटच्या क्लासेससाठी मराठवाडाभरातून, शेजारच्या जिल्ह्यांतून मुलं इथे येऊन हॉस्टेलवर राहतात. अशाच एका पंधरा वर्षांच्या मुलीला हॉस्टेलच्या रेक्टर बाई घेऊन आल्या. दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, चार दिवसांनी थांबतात. या वेळी लघवी अडली आणि पोटात गोळा लागला. आई-वडील गावाहून निघालेले होते. रेक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, तसलं काही नाही ना?" मुलीला ते ऐकू गेलं असावं, कारण तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. मी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं, सिस्टरांना जवळ थांबवलं आणि मुलीला विचारलं, पाळी कधी सुरू झाली? ती म्हणाली, "आलीच नाही अजून. मैत्रिणींना सगळ्यांना आली." म्हणून ती कुणाला सांगत नव्हती.

बाकी सगळी वाढ वयाला शोभेल अशी होती. कळा महिन्याच्या ठरावीक दिवसांत येत होत्या. म्हणजे पाळी येत होती, पण तिला बाहेर यायला वाट नव्हती. नुसतं बघूनही ते कळलं: योनीमार्गाच्या तोंडाशी असणाऱ्या पातळ पडद्याला जन्मतःच छिद्र नव्हतं आणि मागे साठलेल्या रक्ताने तो निळसर फुगून आला होता. सोनोग्राफीने तेच सांगितलं. भूल देऊन पडद्याला छोटा छेद दिला. महिनोन्‌महिने साठलेलं काकवीसारखं काळपट, घट्ट रक्त बाहेर आलं. गोळा गेला, लघवी सुटली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला मी चित्र काढून समजावलं. तिचा पहिला प्रश्न होता, "पुढं लेकरं होतील ना?" दुसरा प्रश्न त्याहून हळू आवाजात आला, "लग्नाला काही अडचण?" होतील, आणि काही अडचण नाही, असं मी दोन्ही वेळा स्पष्ट सांगितलं आणि डिस्चार्ज कार्डावरही निदान नीट लिहून दिलं. अशा मुलीवर आधी संशय येतो आणि निदान नंतर होतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही आणि महिन्याच्या महिन्याला पोट दुखतं, एवढं ऐकलं तरी शाळेतल्या बाईंनी, आईने, आशाताईने त्या मुलीला डॉक्टरकडे पाठवायला हवं.

मराठवाड्यात काम करणाऱ्याला क्षयरोग विसरता येत नाही. निलंग्याकडची तिशीच्या आतली एक बाई, पोट फुगलेलं, वजन घटलेलं, सोनोग्राफीत अंडाशयाजवळ गोळा आणि पोटात पाणी. सीए-१२५ ही रक्ताची तपासणी ३५ च्या आत असायला हवी, तिची सहाशेच्या पुढे होती. तिला कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, असं घरच्यांना सांगितलं गेलं होतं. नवऱ्याने एक एकर विकायची बोलणी सुरू केली होती. तिला मी तेच जुने प्रश्न विचारले. संध्याकाळी कणकण येते का? येते. रात्री घाम? येतो. घरात कुणाला जुना खोकला, औषधाचा कोर्स? दिराला दोन वर्षांपूर्वी सहा महिन्यांच्या गोळ्या चालू होत्या. सीए-१२५ कॅन्सरमध्ये वाढतं, तसंच ते पोटाच्या क्षयात वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, गरोदरपणात आणि पाळीच्या दिवसांतही थोडं वाढतं. एका आकड्यावर कुणाला मरणाची तारीख देता येत नाही. पोटातलं पाणी तपासलं, दुर्बिणीतून बघितलं. पोटाच्या आतल्या अस्तरावर सगळीकडे पांढरे बारीक ठिपके होते, आतडी एकमेकांना चिकटली होती. त्या ठिपक्यांचा तुकडा तपासणीला पाठवला. उत्तर आलं, क्षयरोग. औषधं सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाली. सहा महिन्यांनी तिचं पोट सपाट झालं, वजन भरलं. शेत राहिलं. तुकडा तपासायच्या आधीच ऑपरेशन झालं असतं, तर चिकटलेल्या आतड्यांना इजा होऊन ती टेबलावरून उठली नसती, अशीही शक्यता होती.

याच्या अगदी विरुद्ध टोकाच्या बायकाही बघितल्या. अहमदपूरकडची छप्पन-सत्तावन्न वर्षांची एक मावशी सात-आठ महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात होती. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. लुगड्याची गाठ वर वर बांधावी लागत होती. वारंवार लघवीला जावं लागत होतं. प्रत्येक वेळी पोट दुखतंय, गॅस आहे, म्हणून इंजेक्शन आणि गोळ्या. या काळात तिच्या पोटावर कुणी हात ठेवला नव्हता. आमच्याकडे आली तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरलेला होता. ऑपरेशन आणि केमोथेरपी झाली, तिला काही काळ मिळाला, पण बरं होण्याची वेळ निघून गेली होती. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं पोटफुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई, ही लक्षणं दोन-तीन आठवडे रोजच्या रोज राहिली, तर पोट हाताने तपासलंच पाहिजे आणि सोनोग्राफी केलीच पाहिजे. हे मी मिळेल त्या व्यासपीठावरून सांगते, कारण या आजाराला लवकर पकडायची दुसरी खात्रीची चाळणी अजून हाती आलेली नाही.

आणि काही गोळे घड्याळ बघायला लावतात. तरुण मुलीच्या एका बाजूला अचानक असह्य कळ, उलट्या, आणि त्या बाजूला हाताला लागणारी दुखरी गाठ, म्हणजे अंडाशयाला पीळ पडला असं धरायचं. आपल्याकडे मुतखडा इतका सर्रास आहे की सलाइन आणि वेदनाशामक देऊन दोन दिवस सहज निघून जातात. रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी नॉर्मल आली तरी पीळ नाही असं म्हणता येत नाही. वेळेत पीळ सोडवला तर निळा-काळा दिसणारा अंडाशयही बहुतेकदा पुन्हा जिवंत होतो. म्हणून तो दिसायला खराब आहे एवढ्यावरून काढून टाकू नये, असंच आता आम्ही मानतो.

सगळ्यात जास्त गोळे मात्र फायब्रॉइडचे असतात, आणि सगळ्यात जास्त घाई त्यांच्याच बाबतीत होते. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंची साधी गाठ. ती कॅन्सरची असणं फार दुर्मीळ. त्रास नसेल तर नुसती नजर ठेवता येते, त्रास असेल तर औषधं आहेत, फक्त गाठ काढता येते, आणि पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात. गर्भाशय काढणं हा त्यातला एक मार्ग आहे आणि काही जणींना तोच योग्य असतो. पण मुखेड, कंधार, जळकोटच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तिशीतच येऊन म्हणतात, "काढून टाका, झंझट नको." फडात पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. त्या दुःखाचं उत्तर या बायका गर्भाशयात शोधतात. बीड जिल्ह्यातलं हे चित्र २०१९ मध्ये उघड झालं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांच्या पाठदुखीचा, हाडांच्या ठिसूळपणाचा, चाळिशीच्या आत आलेल्या म्हातारपणाचा हिशेब कुठल्याही रिपोर्टात नाही. सोबत अंडाशयही काढले असतील, तर तो त्रास दुप्पट.

हे सगळं का घडतं याचं एक उत्तर गडचिरोलीने फार पूर्वी दिलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. त्याला इतकी वर्षं झाली. आता तालुक्याच्या गावी सोनोग्राफी आहे. राज्य सरकारची मोफत उपचारांची जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं, आणि ऑपरेशनसाठी आता शेत विकावं लागत नाही. पण योजना ऑपरेशनला पैसे देते. त्याआधी बाईचं शांतपणे ऐकून घ्यायला, पडदा ओढून तिचं पोट तपासायला, पुन्हा सहा आठवड्यांनी बोलवायला लागणारा वेळ कुठल्याही पॅकेजमध्ये बसत नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी तिच्याच घरातून जाते. त्यामुळे एकाच फेरीत सगळं उरकून टाकावं, असं तिलाही वाटतं आणि समोरच्यालाही.

म्हणून मी माझ्या दवाखान्यात एक पद्धत ठेवली आहे. तपासणी झाल्यावर बाईच्या हातात एक कागद देते, मराठीत लिहिलेला. त्यावर तीन ओळी असतात: गोळा कशाचा आहे, ते कशावरून ठरवलं, आणि तो काढला नाही तर काय होईल. पहिल्या ओळीचं उत्तर अजून मिळालेलं नसेल, तर "अजून नक्की नाही, पुढची तपासणी अमुक" असं लिहिते. हा कागद ती गावी नेते, नवऱ्याला वाचून दाखवते, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवते. त्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: आपल्या घरातल्या बाईसाठी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. ते विचारणं उद्धटपणा नाही. ज्या डॉक्टरने क्रम पाळलाय, त्याच्याकडे तिन्हींची उत्तरं तयार असतात. नसतील, तर एक तपासणी अजून बाकी आहे, आणि जीव धोक्यात नसेल तर ती होईपर्यंत थांबण्याचा हक्क त्या बाईचा आहे.